तीस हिवाळ्यांनंतरची थंडी

महाबळेश्वर, जानेवारी १९४७

सौ. मनुबाईस आशीर्वाद. मी खुशाल हाय, जिवाला घोर लावून घेऊ नगंस. मी सांगतोय आन् तुझा भाऊ नाथाजी लिवतोय.

नाथाजी लय जपतो. तो राखतो त्या बंगल्याचं सायेब उन्हाळ्याबिगर येत न्हाईत, म्हणून त्यांच्या आरामखुर्चीत दिवसभर मीच बसतो. बाजार बंद, रस्त्याला माणूस न्हाई. सकाळी गवतावर दव गोठून पांढरं हुतं.

तीस हिवाळे गुऱ्हाळात चुलवाणाच्या धगीपाशी गेले. थंडी म्हंजे काय, ते आत्ता कळलं. नुसता बसून बी दमतो. एवढा शीण अंगात कुठं दडला हुता, कुणास ठाऊक.

म्हस व्याली का? तुझा गुडघा कसा हाय?

हे पत्र तुला आपला गुंडाच वाचून दाखवणार, म्हणून सांगतो. यंदा माझ्या जागी तो गुळव्या झालाय. रसाची कायल चुलवाणावरनं कवा उतरायची ते त्याला कळतं का, असं इचारणार हुतो. न्हाई इचारत.

गुंडा, गेल्या साली कायल करपली, तवा तू जाळ जास्ती घातलास म्हणून चार माणसांत मी तुला न्हाई न्हाई ते बोललो. जाळ बरोबर हुता रं. मलाच पाकाचा रंग दिसंना झाला हुता, आन् सांगायची लाज वाटली.

आता हे मनात वाचून गप बसू नगंस. आईला मोठ्यानं वाचून दाखव. त्या दिवशी ती बी माझ्याच बाजूनं बोलली हुती.

रावजी