विझती धग आणि शेजारचा ठिपका

८ जानेवारी २००७
आला! सकाळी सव्वासातला मोबाइल वाजला, मी कणीक मळत होते. मेसेज — गॅमा किरणांचा स्फोट! उपग्रहाने आपणहून मान वळवून क्ष-किरण दुर्बीण तिकडे रोखलीसुद्धा. आणि या आठवड्यात असे मेसेज सांभाळायची ड्यूटी माझी! मोबाइलला अजून पीठ लागलंय.

मार्चमध्ये प्रबंध द्यायचाय. शेवटच्या प्रकरणासाठी एकच स्फोट हवा होता, शेवटपर्यंत पाहिलेला. स्फोट काही सेकंदांत संपतो, मागे उरलेली धग दिवसेंदिवस विझत जाते. ती एखाद्या दिवसापासून झपाट्याने उतरू लागली, तर स्फोटाचा झोत किती अरुंद होता ते कळतं. आलेखातलं ते वळण मला पाहिजे. बाकी काही नको, देवा!

१० जानेवारी
बाबांना सांगितलं, हे नऊ अब्ज वर्षांपूर्वीचं आहे. म्हणाले, "मग एवढी घाई कसली?"

१३ जानेवारी
अख्ख्या बिल्डिंगला कळलंय. समोरच्या हंसाबेन जिन्यात अडवून विचारतात, "बेटा, तबियत कैसी है उसकी?" रोज उतरतेय म्हटलं की चुकचुकतात. कसं सांगू, उतरायलाच हवी!

२१ जानेवारी
धग विझायची थांबली!! चार दिवस आकडा तोच. असं कुणी पाहिलेलं नाही! बाबांनी नवघरहून किलोभर पेढे आणून चारही मजल्यांवर वाटले. आई म्हणत होती, "अगं, आधी मॅडमना तरी विचार." ऐकतंय कोण!

२२ जानेवारी
मृणालिनी मॅडम, माझ्या गाइड. चित्र पाहून शांतपणे म्हणाल्या, "शेजारी काय आहे, पाहिलंस?" शेजारी एक फिकट ठिपका, माझ्या मोजणीच्या वर्तुळात घुसलेला. धग विझत होती, हा तेवत होता, आणि मी दोघांचं तेज एकत्र मोजत बसले! पहिल्या वर्षाची पोरंही असं करत नाहीत. लाज वाटली. पेढे तर पचलेसुद्धा लोकांना.

२४ जानेवारी
शेजाऱ्याचं तेज कायम सारखंच असणार, असं धरून ते वजा केलं. उरलं काय? वळण! नवव्या दिवशी आलेख सरळ खाली! मी खुर्चीत बसून रडले, मग एकटीच हसले.

हंसाबेनना सांगितलं, "गई." त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि मी खो-खो हसत सुटले. शोभतं का!

३० जानेवारी
प्रकरण मॅडमना दिलं. दुपारभर झोपले.

२ फेब्रुवारी
शेवटचं निरीक्षण उघडलं. धग नाही. शेजारचा ठिपका मात्र आठपट उजळलाय! म्हणजे तो सारखा तेवत नव्हताच. माझी वजाबाकी गेली, वळण गेलं, प्रकरण गेलं. मॅडमना फोन केला. त्यांनी चित्र मागवलं, माहीत असलेल्या क्ष-किरण स्रोतांच्या याद्या चाळल्या. मग म्हणाल्या, "निशिगंधा, हा कुठल्याच यादीत नाहीये. पहिल्यांदा तू पाहिलायस."

मार्च गेला खड्ड्यात!