डावं सीट, उजवं सीट

३ जानेवारी
बाबांची जुनी गाडी अखेर मला मिळाली. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, जोर सगळा मागच्या चाकांना. हिची रॅलीची गाडी करायची आणि १२ एप्रिलच्या रॅलीत मीच चालवायची. दादा शेजारी बसून वळणं वाचून दाखवेल. बाबांनी मला अख्खं इंजिन शिकवलं, पण स्टिअरिंगवर कधी बसवलं नाही. म्हणायचे, तुझा हात नेटका आहे, तू खोलत जा. ठीक आहे. एप्रिलमध्ये बघतील.

९ जानेवारी
गाडी पूर्ण खोलली. प्रत्येक बोल्टला पिशवी, प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी. आई म्हणाली, एवढी काळजी स्वतःच्या जेवणाची घेतलीस तर बरं होईल.

२ फेब्रुवारी
वेळापत्रकाच्या अकरा दिवस मागे. पण ते चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिण्यात गेले, म्हणजे वाया गेले असं म्हणता येणार नाही.

२० फेब्रुवारी, दुपारी
गाडी वेल्डरकाकांकडे पोचवली. गाडी उलटली तरी आतले वाचावेत म्हणून लोखंडी पिंजरा, आणि सीटचे पाये, एवढं जोडायचंय. रॅलीच्या गाडीत सीट सरकत नाही, पक्कं बसवतात, म्हणून मापं मिलिमीटरमध्ये दिली. मी बुटकी, माझं सीट पुढे आणि उंच. दादा ताडमाड, त्याचं मागे आणि खाली. काकांनी दोनदा विचारलं, डावं-उजवं नीट लिहिलंयस ना गं? रागच आला. आकृती चार वेळा तपासली आहे.

१८ मार्च
गाडी आली. स्टिअरिंगसमोर दादाचं सीट. माझं शेजारी.
चूक माझी नाही, पद्धतीची आहे. आमच्या घरात डावं-उजवं बॉनेटसमोर उभं राहून ठरतं. बाबांनी लहानपणापासून तसंच शिकवलं. बाकीचं जग म्हणे आत बसून ठरवतं. काकांना विचारलं, शंका होती तर थांबला का नाहीत? म्हणाले, गाडी दादाच चालवणार असं धरलं, मग सगळं जुळलंच की.

२५ मार्च
पाये कापून अदलाबदल होणार नाही. खालचा पत्रा जुना, दुसऱ्यांदा तापवला तर हातात येईल, असं काका म्हणतात. काही बिघडत नाही. पाठीमागे दोन उशा ठेवल्या की पाय क्लचपर्यंत पोचतो. बुडाखाली एक ठेवली की रस्ताही दिसतो. दादा हसत हसत बाहेर निघून गेला. त्याला तांत्रिक बाबी कळत नाहीत.

११ एप्रिल
तपासणी. तपासनीस म्हणाले, इतकं नेटकं वायरिंग यंदा कुणाच्याच गाडीत नाही. मग तिन्ही उशा काढून माझ्या हातात दिल्या. पट्टे सैल राहतात, चालणार नाही म्हणाले. अर्जावर आमच्या दोघांच्या नावांची अदलाबदल केली. खाडाखोड न करता, नवा अर्ज घेऊन.

१२ एप्रिल, संध्याकाळी
शेवटून तिसरे आलो. गाडी कुठेही कुरकुरली नाही.
बाबा शेवटच्या वळणावर उभे होते. येऊन दादाच्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, काय सांभाळलीस रे गाडी! मी हेल्मेट काढेपर्यंत दोघं बॉनेटला टेकून उभे राहिले होते. फोटो काढताना बाबांचा हात हलतो, आणि दादा तर फोटोत हवाच. म्हणून मी काढला.
छान आलाय. गाडी पूर्ण मावली.