गवतयंत्राची भंगारातून सुटका होणेबाबत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
उद्यान विभाग, मुख्य कार्यालय

विषय : गवत कापण्याचे यंत्र भंगारात काढावे, ही अर्जदाराचीच मागणी रद्द होणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज (तिन्ही रागाच्या भरात लिहिलेले). २) आपला मंजुरीचा आदेश, काल प्राप्त.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार मोठ्या बागेचा माळी असून सदर यंत्र अकरा वर्षे त्याच्या हाताखाली आहे. फिरायला येणाऱ्यांच्या बुटांना कापलेले गवत चिकटते, म्हणून यंत्रामागे कापडी पिशवी लावण्याचा आदेश झाला व अर्जदाराने तो शिरसावंद्य मानला. मात्र गेले तीन महिने चार पावले चालले की यंत्राचे तोंड गवताने गच्च होई आणि पिशवी रिकामीच राही.

२. अर्जदाराने हातपाय गाळले नाहीत. पात्याला धार लावली, कापणीची उंची दोन बोटे वाढवली, दव सुकेपर्यंत वाट पाहिली, यंत्र आडवे करून पोटाला चिकटलेला थर खरवडला. यंत्र ढिम्म. वैतागून अर्जदाराने त्यास नाही नाही ते बोलून घेतले व संदर्भीय अर्ज ठोकले. त्यावर यंत्र शुक्रवारी भंगारात देण्याचे आणि अर्जदारास अभिलेख कक्षात बसवण्याचे आपण मंजूर केले. त्या खोलीला खिडकी नाही, आणि अर्जदारास हिरवे काही दिसल्याशिवाय चहासुद्धा गोड लागत नाही.

३. काल निरोप द्यावा म्हणून अर्जदाराने पिशवी काढून यंत्र एकदा चालवले. ते विनातक्रार गवत उडवत पार कुंपणापर्यंत गेले. मग जुन्या चादरीची पिशवी शिवून लावली, तर तीही काठोकाठ भरली. तेव्हा कुठे अर्जदाराच्या डोक्यात प्रकाश पडला.

४. अर्जदाराच्या पत्नीचे धुलाई-इस्त्रीचे दुकान आहे. आपला गणवेशही तिथेच येतो. तीन महिन्यांपूर्वी मळलेली पिशवी तिने धुतली व हाताच्या सवयीने कडक खळ दिली. पिशवी न धरता उभी राहू लागली. तपासणीच्या वेळी आपणही "नीटनेटकेपणा असा हवा" असा शेरा दिला, त्यामुळे दर शनिवारी खळ चालूच राहिली. वस्तुतः पात्याच्या वाऱ्याबरोबर गवत पिशवीत येते आणि वारा कापडातून निघून जातो. खळीने कापडाची छिद्रे बुजली, वाऱ्याला वाट उरली नाही आणि गवत तोंडाशीच अडून बसले.

५. हे ऐकून पत्नीने इस्त्री बाजूला ठेवली. म्हणाली, "म्हणजे तीन महिने त्या बिचाऱ्याने खाल्लेल्या शिव्या माझ्या होत्या तर." सदर शिव्या अर्जदार बिनशर्त मागे घेत आहे.

६. तरी यंत्र वाचवावे व अर्जदारास बागेतच ठेवावे, ही विनंती. आपल्या नमुन्यातील 'बिघाडाचे कारण' हा रकाना रिकामा ठेवता येत नाही, याची अर्जदारास जाणीव आहे. तेथे यंत्राचे नाव लिहू नये, ते निर्दोष आहे. पत्नीचेही लिहू नये, तिने केले ते मायेने केले. तेथे कृपया 'माळी' असे लिहावे.

आपला, यंत्राइतकाच जुना व आज्ञाधारक,
(सही)
माळी, मोठी बाग
दिनांक : १४, मंगळवार

सोबत : १) पिशवी, बिनखळीची. २) पत्नीची चिठ्ठी : आपल्या गणवेशाची खळ चालू ठेवावी किंवा कसे, ते कळवावे.