बाबांचा अनवाणी नवस

प्रिय विपुल,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आई, कंबर कशी आहे?" मी तोंड उघडायच्या आत शेजारून तुझे बाबा सांगून टाकतात की आज जरा वाकडी चालत होती. मग तुम्ही दोघं माझ्या कमरेबद्दल बोलत बसता आणि मी फोन धरून उभी. म्हणून लिहायला बसले. पत्रात मध्येच कुणाला बोलता येत नाही.

चिकूचा भरलेला क्रेट उचलताना कमरेत उसण भरली, त्याला आता काही वर्षं झाली. त्यानंतरचं सगळं तुला माहीतच आहे. इंजेक्शनं झाली, पट्टा झाला, वापीचे मोठे डॉक्टर झाले, तुझ्या आत्याने चिंचणीहून आणलेला वास मारणारा लेपही झाला. एक्स-रेच्या फोटोत काही सापडेना आणि दुखणं काही जाईना. शेवटी डहाणूला फिजिओथेरपीच्या संगिता मॅडमकडे गेले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की दुखापत केव्हाच भरून आली आहे, भीती मात्र अंगात तशीच बसली आहे. मला ते आपल्या वाडीतल्या कुत्र्यासारखं वाटलं. चोर एकदाच येऊन गेला, पण ते अजून घरच्या माणसांवरही भुंकतं.

त्यांनी शिकवलं ते ऐकायला सोपं आहे. दुखलं की धसका घ्यायचा नाही, शांत श्वास घेत त्या दुखण्याकडे जरा बघायचं, आणि ज्या कामाची भीती वाटते ते थोडं थोडं करत जायचं. मुख्य म्हणजे दिवसभर कमरेची चौकशी करत बसायचं नाही. मी हे घरी सांगितलं तर आत्या म्हणाली, "म्हणजे इतके दिवस नाटकंच होती की वहिनी!" असा संताप आला! दुखणं खरंच होतं रे. अजूनही असतं तेव्हा खरंच असतं. भीतीने दुखतं म्हणजे खोटं दुखतं, असं कुणी सांगितलं हिला?

आत्याचं एक वेळ सोड, ती दोन दिवस राहून जाते. तुझ्या बाबांचं काय करू? मी पट्टा बांधून खाटेवर पडले होते तेव्हा ते महालक्ष्मीला जाऊन आले, आणि चपला तिथेच ठेवून आले. हिची कंबर पूर्ण बरी होईपर्यंत पायात काही घालणार नाही, असा नवस बोलले. तेव्हा मला रडू आलं होतं. इतकं कोण करतं कुणासाठी? पण आता मी वैतागले आहे. ते वाडीत अनवाणी, बाजारात अनवाणी, बँकेत अनवाणी. मासळी बाजारात बायका त्यांच्या पायांकडे बघतात आणि मग माझ्याकडे. जणू मीच त्यांच्या चपला लपवून ठेवल्या आहेत.

रोज सकाळी चहाचा कप हातात देतानाच विचारतात, "आज कसं?" दुखत नसलं तरी मग मी आत शोधायला लागते, आणि शोधलं की सापडतंच. "थोडं," म्हणते. ते मान हलवतात आणि तसेच वाडीत जातात. संगिता मॅडमनी शिकवलेलं सगळं त्या एका प्रश्नात वाहून जातं. प्रेमाने विचारतात म्हणून चिडताही येत नाही नीट.

मागच्या आठवड्यात वाडीतला गडी लडक्या तलासरीला घरी गेला होता आणि पिकायला आलेला चिकू झाडावर तसाच होता. मीच जाळीचा बांबू घेतला आणि खालच्या फांद्यांचे चिकू काढायला लागले. मान वर, हात वर, चांगला अर्धा क्रेट भरला. चीक हाताला लागत होता आणि मला किती दिवसांनी बरं वाटत होतं! तेवढ्यात हे धावत आले, माझ्या हातातून बांबू ओढून घेतला. "निर्मला, वेड लागलंय का? दुखलं ना?" आणि खरंच त्या क्षणी दुखायला लागलं. मी इतकी ओरडले त्यांच्यावर की कुंपणापलीकडचे लोक बघायला लागले.

ओरडून झाल्यावर दिसलं, धावताना त्यांच्या टाचेत काटा घुसला होता. रक्त येत होतं आणि हे माझ्या कमरेचंच विचारत होते. मी तिथेच पालापाचोळ्यात बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि पदराच्या पिनेने काटा काढायला लागले. टाच नुसती भेगांनी फाटलेली. काटा खोल होता, निघता निघेना. निघाला तेव्हा उठून उभी राहिले आणि मग ध्यानात आलं की एवढा वेळ मी दुमडून बसले होते आणि कमरेची आठवणसुद्धा झाली नव्हती. हे त्यांना सांगणार, तेवढ्यात लंगडत उठून म्हणाले, "आज कसं वाटतंय?" मला हसावं की रडावं कळेना.

विपुल, त्या नवसातला "पूर्ण" हा शब्द घात करतोय. पूर्ण बरी म्हणजे कशी? तशी तर मी लग्नाआधीही नव्हते. वाडीत काम करणाऱ्या कुणाची कंबर कधीच दुखत नाही? कधी कधी दुखेल, आणि तरी मी चिकू काढेन, पाणी भरेन, बाजारात जाईन. मला याला बरं होणं म्हणायचं आहे. ते मात्र माझ्या तोंडून "अजिबात नाही" ऐकायची वाट बघत पाय फाडून घेतायत.

चैत्र पौर्णिमेला तू सुरतेहून येशील तेव्हा आपण तिघं महालक्ष्मीच्या यात्रेला जाऊ. देवीसमोर मीच सांगणार आहे की मी बरी झाले, आता यांना मोकळं कर. त्या वेळी कंबर ठणकत असली तरी हेच सांगणार, आणि देवीशी खोटं बोलले असं मला वाटणार नाही. एवढ्यासाठीच हे पत्र. येताना तुझ्या बाबांच्या मापाच्या चपला घेऊन ये. तळ मऊ बघ, टाच अजून भरलेली नाही. त्यांना आधी काही बोलू नकोस. आणि स्टेशनवर मी घ्यायला येईन, तेव्हा मला काहीही विचार, पिशवीही दे हातात, फक्त ते एक विचारू नकोस.

तुझीच, तुझ्या बाबांवर रागावलेली,
आई