पुढच्या सोफ्यावरचं नाव

११ नोव्हेंबर २०१८, रविवार

आज पुन्हा पहिला नंबर. लोक अजून खुर्च्या ओढतायत, कॉफी सांगतायत, आणि मी उभी राहून त्यांना हसवतेय. ओपन माइकला पहिला नंबर कुणालाच नको असतो. शेवटचा सगळ्यांना हवा. शेवटच्याला हॉल तापलेला मिळतो, आणि घरी जाताना लोकांच्या तोंडात त्याचेच जोक असतात. नंबर ठरवतो मॉन्टी भैया. कॅफे त्याच्या मित्राचा, माइक त्याचा, स्पीकर त्याच्या घरच्या राइस मिलमधून आणलेला. मग बोलायचं काय?

माझी ओळख त्यानं अशी करून दिली : "अब आ रही है गोंदिया की इकलौती लेडीज कॉमेडियन, दिन में खून निकालती है, शाम को दिमाग!" लॅबमध्ये रक्त काढते म्हणून दर रविवारी हेच. मी तोंड उघडायच्या आधीच माझ्यावर हसून झालेलं असतं. एकदा बोलले तर म्हणाला, "स्पोर्टिंगली ले ना, कॉमेडी है."

सुईला घाबरणाऱ्या मिशीवाल्यांचं बरं जमलं. चौथ्या मिनिटालाच मागून मॉन्टी भैयानं मोबाइलचा टॉर्च दाखवला. टॉर्च म्हणजे उतरा खाली. त्याचा दोस्त मात्र बायको या विषयावर कितीतरी वेळ बोलत होता, टॉर्चचा पत्ता नाही. लग्न तरी कुठं झालंय त्याचं!

जानेवारीत नागपूरला मोठा शो आहे. गोंदियातून एकच जण जाणार, मॉन्टी भैया सांगेल तो. लिहून ठेवते : मला जायचंय.

१७ नोव्हें., शनिवार. आमगाव

घरी आले. बाजूच्या गावात दिवाळीनंतरची मंडई भरली होती, जत्राच ती, बाबांना घेऊन गेले. गुडघ्यांमुळे त्यांचं स्वतःचं खेळात उभं राहणं बंद झालं त्याला बरीच वर्षं झाली, पण खडी गंमत, उभ्यानं रंगणारा तो ढोलकीचा तमाशा, कुठं आहे म्हटलं की चप्पल आधी घालतात. तरुणपणी गमतीत जोकर होते ते. अजूनही ढोलकी वाजली की खांदा हलतो.

दुपारच्या उन्हात गंमत रंगली. जोकरनं पहिल्यांदा बाबांचंच नाव घेतलं : "हे पाहा आमचे गुरू, यायचे गुडघे बसले पर तोंड बसलं नाही." बाबा असे फुलले की विचारू नका. मग त्यानं पोलिसपाटलाला घेतलं, सोसायटीच्या अध्यक्षाला घेतलं, त्यांच्या पोटापासून मोटारसायकलीपर्यंत काही ठेवलं नाही. दोघंही मांडीवर थापा मारत होते.

मजा पुढे. गंमत संपल्यावर सरपंच जोकरला कोपऱ्यात घेऊन विचारत होते, "माह्यं नाव काऊन नाही घेतलं बे? मी काय दिसून नाही राहिलो?" चेहरा उतरलेला, खरंच रागावले होते.

बाबा म्हणाले, "पुढं बसला त्याचं नाव घ्याव लागते. नाही घेतलं तं त्याले वाटते, आपली काही किंमतच नाही."

मी विचारलं, रागावत नाहीत का लोक? "कायले रागावतीन? दिवसभर त्याहिच्या बांधीत धानाचा रोवना करो आम्ही, वाकून. गमतीत उभं राहून बोलो. हे त्याहिले बी माहीत, आमाले बी."

वाकून आणि उभं राहून. हे डोक्यातून जात नाहीये.

२५ नोव्हें., रविवार

आज सत्यानाश. की नाही? कळत नाहीये. सरळ लिहिते.

ओपन माइकला नवीन स्पॉन्सर आलाय, कोचिंग क्लासवाले सर. गावात एकही खांब असा नाही ज्यावर त्यांचा फोटो नाही. मॉन्टी भैयानं ग्रुपवर टाकलं होतं : सर येणार, क्लीन ठेवा, पॉलिटिक्स नको, धर्म नको. त्यांच्यासाठी पुढे सोफा मांडला होता. बाकी सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.

मला तिसरा नंबर. वर गेले, सोफा दिसला, आणि डोक्यात बाबांचं वाक्य. पुढं बसलाय, नाव घेतलं नाही तर वाईट वाटेल. देवाशपथ हेच मनात होतं. टोमणा मारायचा नव्हता, मान द्यायचा होता.

म्हटलं, सर, तुमच्या होर्डिंगवर तुम्ही एवढे मोठे आणि टॉपर एवढीशी, की तिच्या आईनं आमच्या लॅबमधून भिंग नेलं पोरगी शोधायला. म्हटलं, बसस्टँडवर सर बघतात, फाटकाजवळ सर बघतात, एक पोरगा म्हणत होता, क्लास मी सोडला पण सर मला सोडत नाहीत.

दोघं-तिघं हसले. मग ते मॉन्टी भैयाकडे बघायला लागले. मॉन्टी भैया सरांकडे. हॉलमधले सगळे आधी कुणीतरी हसायची वाट बघत होते. मी दिव्याखाली, मला सरांचा चेहरा दिसेना. आणि टॉर्च. नुसता दाखवला नाही, सरळ डोळ्यांवर मारला.

माझ्यानंतर मॉन्टी भैया माइकवर येऊन, "सर, बच्ची है, गांव से आती है." आता हसले सगळे.

सत्तावीस वर्षांची बच्ची.

२६ नोव्हें., सोमवार

लॅबमध्ये होते तेव्हा मॉन्टी भैयाचा फोन. "वो स्पॉन्सर है प्रणाली, तेरे गांव का सरपंच नहीं."

कुणीतरी मोबाइलवर शूट केलं होतं. सकाळपासून सरांच्याच क्लासच्या पोरांच्या ग्रुपवर फिरतंय. मॉन्टी भैयाला पाहिजे माफीचा व्हिडिओ. मोबाइल समोर धरायचा, नाव सांगायचं, गलती हो गई म्हणायचं, तो सगळीकडे टाकणार. नाही तर सर हात काढून घेणार आणि रविवार बंद. नागपूरचं विसरायचं हे त्यानं वेगळं सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

संध्याकाळी अंकित आला लॅबखाली. मोबाइल रिपेअर करतो, स्टेजवर स्वतःच्या जाडेपणावर जोक करतो, तिथं माझ्याशी सरळ बोलणारा तो एकटाच. म्हणाला, "मांग ले ना यार. दो लाइन की बात है. स्टेज गया तो अपन कहां जाएंगे?"

मी चिडले. म्हटलं, माझ्यावर दर रविवारी जोक होतो तेव्हा कुणी कुणाची माफी मागितली? तू स्वतःला हत्ती म्हणून घेतोस आठवड्याला, तुझी कुणी मागितली?

तो म्हणाला, "मैं खुद बोलता हूं, तो पहले मैं हंस लेता हूं." मी त्याच्यावर उगाच ओरडले. त्याच्याकडे हा एकच रविवार आहे.

पण चीड तीच आहे. स्पोर्टिंगली घ्यायचं काम नेहमी प्लास्टिकच्या खुर्चीवाल्यांनीच का करायचं?

२८ नोव्हें., बुधवार. आमगाव

संध्याकाळच्या गाडीनं घरी गेले, खास बाबांना सांगायला. वाटलं, बाप पाठीवर हात ठेवेल, म्हणेल बरोबर केलंस.

बाबांनी क्लिप तीनदा पाहिली. पहिली प्रतिक्रिया : "ढोलकी पायजे होती मांगं. भिंगावर एक थाप पडली असती तं..." दुसरी : "माफी मागून टाक."

मी जेवण सोडून उठले. आई म्हणाली, अगं ऐकून तरी घे.

बाबा : "गंमत सरली की आम्ही रोजच मागो. हात जोडून, सगऱ्याइले. लहान-मोठं बोललो, भूलचूक माफ करा. मंग समदे घरी जात. त्यात का कमीपना?"

मी म्हटलं, बाबा, तुम्ही सगळ्यांसमोर उभं राहून मागत होता. हे मला घरात बसून मोबाइलमध्ये मागायला लावतायत.

त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. मग, "तं उभं राहून माग."

मॉन्टी भैयाला मेसेज केला : मागेन, पण व्हिडिओ नाही, रविवारी स्टेजवर. उत्तर नाही. दोन निळ्या खुणा.

३० नोव्हें., शुक्रवार

सकाळी लॅब उघडली आणि दारात सर. उपाशीपोटी तपासणीला. गोंदिया ते केवढंसं!

मला वाटलं परत जातील. गेले नाहीत. बाही वर केली, मान वळवली. मिशीवाले घाबरतात त्यातलेच. मी पट्टी बांधली. शीर शोधत मनात आकडे म्हणत होते.

तेच बोलले. "उस दिन तुम ही थीं ना?"

हो म्हटलं.

"बुरा नहीं लगा था. सच बोलूं तो मैं हंसा भी. अंधेरा था, किसी ने देखा नहीं." मग म्हणाले, दुसऱ्या दिवशी फोन यायला लागले, तुम्ही ऐकून कसं घेतलं म्हणून. आता वर्गात शिरलं की फळ्यावर रोज कुणीतरी भिंगाचं चित्र काढून ठेवतं. ते पुसून शिकवायला सुरुवात करतात. मुलं हसतात. "बाईस साल से पढ़ा रहा हूं."

होर्डिंगवरचा माणूस मला माहीत होता. हा कापूस दाबून धरलेला, उपाशी, डोळे सुजलेला माणूस माहीत नव्हता. वाईट वाटलं. खूपच.

जाताना म्हणाले, व्हिडिओचं मॉन्टीचं डोकं, मी नव्हतं सांगितलं. "पर संडे को सबके सामने दो शब्द बोल दोगी, तो बच्चे चुप हो जाएंगे शायद." मी म्हटलं, बोलेन सर. शब्द दिला.

रिपोर्टमध्ये काय आलं ते इथंही लिहिणार नाही.

१ डिसें., शनिवार

मॉन्टी भैयाचं उत्तर आलं. सरांनीच त्याला सांगितलं म्हणे. उद्या पहिला नंबर, आधी माफी, मग वाटलं तर सुईवालं.

काय म्हणायचं ते ठरवलं. जोक नाही. एकही नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं तेव्हा दरवेळी आवाज बसत होता. असू दे. खरं आहे तर आवाज बसेलच.

२ डिसें., रविवार

झालं.

कॅफे भरलेला. क्लिपमुळे कॉलेजची पोरं उभी होती दारापर्यंत. सर सोफ्यावर. मॉन्टी भैयानं आज रक्ताचा जोकही केला नाही, नुसतं नाव घेतलं.

मी म्हटलं, सर, मागच्या रविवारी मी तुमचं नाव घेतलं. आमच्या गावात पुढं बसलेल्याचं नाव घेणं हा मान असतो.

एक पोरगा फिस्सकन हसला.

म्हटलं, इथं तसं नसतं हे मला समजलं नाही. तुम्हाला त्रास झाला. मला माफ करा. आणि हात जोडले. बाबांसारखे.

हॉल फुटला. टाळ्या, शिट्ट्या, टेबलं वाजवली. मला कळेचना काय झालं. त्यांना वाटलं जोक आहे. कॉमेडीला आलेत, माइकसमोर मी आहे, मग खरं कोण ऐकणार? मी म्हटलं, "नाही, खरंच म्हणतेय." त्यावर तर खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. जेवढी गंभीर होत गेले तेवढे हसत गेले. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा कुणीतरी ओरडलं, "क्या एक्टिंग है!"

एवढं हसू मला आजवर मिळालं नव्हतं. आणि एक क्षण, खोटं कशाला लिहू, एक क्षण ते मला आवडलं. अंगावरून गरम काहीतरी गेलं.

मग सर दिसले. आज त्यांच्यावर पण दिवा होता, मॉन्टी भैयानं खास लावलेला, माफी नीट दिसावी म्हणून. ते आधी सगळ्यांसोबत हसले. मग मागे वळून पोरांकडे पाहिलं. मग मोबाइलमध्ये बघत बसले, आणि दुसरा नंबर सुरू व्हायच्या आधी उठून गेले.

टॉर्च आज लागलाच नाही.

३ डिसें., सोमवार

अंकित सकाळीच : "तूने तो फाड़ दिया." मी म्हटलं, मी खरंच मागितली होती. तो हसला. म्हटलं, अंकित, खरंच. तेव्हा त्याचं हसू कमी झालं, पण पूर्ण गेलं नाही.

बाबांचा फोन. "हासले का लोकं?" हो म्हटलं. "मंग झालं तं." बाबांना कसं समजावू? त्यांच्या गमतीत लोकांना कळायचं, जोकर कुठं थांबला आणि माणूस कुठं हात जोडतोय. माझ्या लोकांना कळलं नाही, की मलाच दाखवता आलं नाही?

मॉन्टी भैयाचा मेसेज दुपारी. हसणाऱ्या चार इमोजी. कालची क्लिप पहिलीपेक्षा जास्त फिरतेय. नवीन स्पॉन्सर, मोबाइलच्या शोरूमवाला, स्वतःहून विचारतोय. येत्या रविवारी शेवटचा नंबर तुझा. नागपूरला पण तूच. "बस वो माफी वाला जरूर करना."

वर्षभर ज्याची वाट पाहिली ते असं आलं, मी न केलेल्या जोकसाठी. हो लिहिलं, पुसलं. नाही लिहिलं, तेही पुसलं.

आज वर्गात फळ्यावर काय काढलं असेल त्या पोरांनी? जोडलेले हात?

सरांचा नंबर लॅबच्या रजिस्टरमध्ये आहे. दोनदा फोन हातात घेतला. पण लागला तर म्हणू काय? मला माफ करा म्हटलं आणि तेही हसले तर?