ट्रकवाले आणि विमानवाले

ऑल्डर क्रीक, मिशिगन
१२ ऑक्टोबर १९९५

चि. कॅझ यास डोरीनताईचे अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ठीक काही नाही. कंपनी गाड्यांच्या सुट्या भागांचा धंदा विकायला काढतेय आणि विमानांचं नि लष्कराचं काम स्वतःकडे ठेवतेय, हे मला कारखान्याच्या फळ्यावर वाचावं लागलं. सख्खा भाऊ त्याच कंपनीत विमानांचे भाग विकतो आणि बहिणीला बातमी फळा देतो!

मी नि तुझा दाजी रोमन, आम्ही ट्रकच्या इंजिनांचे व्हॉल्व्ह करणारे. नवा मालक सगळं उचलून मेक्सिकोला नेणार, अशी कुजबुज आहे. रोमन म्हणतो, तसं झालं तर टेक्ससला त्याच्या भावाकडे जाऊ. म्हणतो खरा, पण परवा दिवसभर घराचं छप्पर दुरुस्त करत होता. मला हे गाव सोडायचं नाही, कॅझ. तुझ्या विमानांचं थोडं काम आमच्याकडे वळव. मागच्या शेडमधली ग्राइंडिंगची यंत्रं नुसती धूळ खातायत.

लोभ आहेच तुझा, तो जरा कामालाही लाव.
तुझी ताई,
डोरीन

क्लीव्हलंड
३० ऑक्टोबर

ती. डोरीनताईस कॅझचा शि. सा. न.

फळ्याबद्दल माझे कान धर. आम्हाला तोंड उघडायची बंदी होती, पण हातावर हात धरून बसलो नव्हतो. लष्करी हेलिकॉप्टरच्या पंपांना दांडे लागतात. ते करून देणारा जुना कारखाना बंद होतोय. साहेबांचा पिच्छा पुरवून त्यांना तुमची शेड बघायला राजी केलंय. गिऱ्हाइकाचे तपासनीसही सोबत येतील. बुधवार, १५ नोव्हेंबर. यंत्रं चालू हवीत आणि यंत्रांवर माणसं हवीत, एवढं रोमनदाजींच्या कानावर घाल.

माया असू दे. रागावून का होईना, लिहीत जा.
तुझा,
कॅझ

ऑल्डर क्रीक
८ नोव्हेंबर

चि. कॅझ यास नुसतेच आ. ('उत्तम' लिहायची आज इच्छा नाही.)

अरे, अक्कल गहाण टाकलीस का? पंधरा नोव्हेंबर! हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस! शाळा बंद, कारखान्याला कुलूप, पाद्रीसुद्धा बंदूक घेऊन रानात. मिशिगनात जन्मलेला माणूस हे विसरतो? क्लीव्हलंडच्या पाण्यात आहे तरी काय? आमच्या मॅनेजरनं तारीख बदलायला फोन केला, तर कळलं की तो दिवस हुकला तर काम दुसरीकडे जाणार.

रविवारी चर्चच्या तळघरात पिरोगीच्या करंज्या भरायला जमलो, तेव्हा मी बायकांना सांगितलं. बायकांनी नवऱ्यांना. रोमन तर दोन दिवस माझ्यावर धुसफुसत होता. काल संध्याकाळी मात्र तेलपाणी करून ठेवलेली बंदूक त्यानं परत कपाटात टांगली आणि विचारलं, तुझ्या भावाच्या पाहुण्यांना कॉफी कशी लागते? मी तिथेच रडले.

माणसं येतील. तूही ये, शिव्या खायला.
डोरीन

ऑल्डर क्रीक
२१ जानेवारी १९९६

चि. कॅझ यास अ. उ. आ. (या वेळी पूर्ण.)

तुझं अभिनंदनाचं पत्र पोचलं. काम मिळालं, मागची शेड कंपनीकडे राहिली, तपासणीवर मला घेतलं, सगळं खरं. त्या दिवशी शिकारीच्या केशरी टोप्या घालून यंत्रांवर उभ्या राहिलेल्या गड्यांचा विषय इथे अजून संपत नाही.

रोमनचं काय, हे विचारायचं तुझ्या जिवावर आलं असेल, म्हणून मीच सांगते. त्याला घेतलं नाही. शेडमध्ये जागा थोड्या होत्या. तो विकलेल्या बाजूला गेला आणि वसंतात त्याचं खातं बंद होणार. मी माझी जागा त्याला देते म्हणाले, तर माझ्यावरच खेकसला. म्हणाला, वेडी आहेस का, एकाचा पगार चालू असला की गाव सोडावं लागत नाही, तेवढ्यासाठीच तर त्या दिवशी आलो होतो.

आता दोन कंपन्यांच्या मधोमध जमिनीवर पिवळी रेघ मारलीय. पास नसेल तर ओलांडायची नाही. जेवणाच्या सुट्टीत तो आपलं स्टूल रेघेपर्यंत आणतो, मी माझं. सँडविच इकडून तिकडे जातं, त्याला पास लागत नाही. टेक्ससचं नाव त्यानं पुन्हा काढलेलं नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस. आम्ही गावातच आहोत, तुझ्यामुळे आहोत. आम्हा दोघांचाही तुझ्यावर पहिल्यासारखाच जीव आहे. फक्त पुढच्या वेळी फोन करशील, तेव्हा आधी त्याच्याशी बोल.

तुझी,
डोरीनताई