चौथ्या सूटची शिवण

लातूर, गुरुवार, १२ फेब्रुवारी

दिवाळीपासून या वहीला हात लावला नाही, चूक माझीच. आज भीतीनेच लिहायला बसवलं.

पुतणी प्रज्ञा नांदेडला शिकते आणि मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकलच्या शर्यतीत उतरते. पडून फाटलेला तिचा सूट तिथे कुणी शिवून देईना, म्हणून मी जाड दोऱ्याने शिवला. तो टिकला. मग तिच्या मैत्रिणींनी नवे मागितले, आणि ब्लाउज शिवणारी मी शर्यतीचे कपडे शिवू लागले. काल चार सूट पाठवले. रविवारी शर्यत.

आज शेजारणीचं ब्लाउज शिवताना दिसलं, हाताने आपोआप बाजूला एकच शिलाई मारली होती. ब्लाउजला आम्ही तशीच ठेवतो, पुढे घट्ट झालं तर उसवून सैल करता येतं. चौथा सूट मी लग्नाच्या ब्लाउजांच्या गर्दीत पुरा केला. त्याला बाकी सूटांसारख्या तीन शिलाया मारल्या का? आठवतच नाही.

मदतीला येणारी शोभा म्हणाली, "लई भिऊन राहिलात ताई. उसवला तर आणून देतील की!"

ब्लाउज आणून देतात. पण गाडीवरून घसरत गेलेल्या पोरीची शिवण उसवली, तर खाली कातडीच.

प्रज्ञाला फोन केला. "काकू, चारही सूट एकदम झकास बसलेत!" म्हणाली. मी "जपून चालव" एवढंच बोलून फोन ठेवला. कशाला भ्याले? पुन्हा कुणी सूट मागणार नाही म्हणून? एकच शिलाई असेल तर?

उद्या: पहिल्या एसटीने नांदेड. प्रज्ञाला खरं सांगून चारही सूट उलटे करून बघणे.